गुरुवारचं मौन आणि म्हात्रे भाऊंची राणी

कसं सांगू, आणि कुठल्या तोंडाने सांगू? तोंडाचाच तर सगळा घोटाळा आहे. आधी चहा घ्या. ऐकून तुम्ही हसाल, आणि मग हसायला नको होतं असं वाटेल.

आमची मधुरा, माझी लेक, तेव्हा गरोदर होती. आधीच्या वेळी बाळ हाती लागलं नव्हतं. म्हणून मी दत्तगुरूंना बोलले, लेक सुखरूप मोकळी होईपर्यंत दर गुरुवारी सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत मौन. आमच्या ह्यांनी ऐकलं आणि देवाला हात जोडले. "रोजचं नाही का घेता येत हे व्रत?" म्हणाले.

आमच्या पनवेलच्या घराजवळ एक सार्वजनिक बाग आहे. तिथल्या औदुंबराला मी गुरुवारी सकाळी प्रदक्षिणा घालायची. त्याच वेळी म्हात्रे भाऊ राणीला घेऊन यायचे. राणी म्हणजे त्यांची कुत्री. लहानशा चणीची, म्हातारी, एका डोळ्यात मोतीबिंदू. भाऊंच्या बायकोने पिल्लू असल्यापासून वाढवलेली. ती माउली गेली आणि घरात ही दोघंच उरली.

राणीची बसायची जागाही ठरलेली, कुंपणाजवळची. तिचं झालं की भाऊ खिशातून कागद काढायचे, वाकायचे, कण्हत उठायचे आणि पुडी फाटकाजवळच्या डब्यात टाकायचे. इतक्या नेमाने मी घरचं निर्माल्यसुद्धा उचलत नाही हो.

तर एका गुरुवारी शिल्पाताईचा नवाकोरा पांढरा बूट नको त्यात पडला. शिल्पाताई म्हणजे सकाळी चालायला येणाऱ्या ग्रुपची पुढारी.

"काका, ही तुमच्या राणीचीच मेहेरबानी ना?"

"नाय गं पोरी. राणीचं मी कागदात उचललं. आताच डब्यात टाकलंय."

"सगळे असंच म्हणतात. इथे लहान मुलं खेळतात. आता कम्प्लेंटच करते." मग ती माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही इथेच होतात. तुम्ही सांगा."

मी सगळं पाहिलं होतं. एक पिवळा भटका कुत्रा आपला कार्यक्रम उरकून घसरगुंडीमागे पसार झाला होता. मी घसरगुंडीकडे बोट दाखवलं. आता नेमके भाऊच राणीला घेऊन घसरगुंडीपुढे उभे.

"बघा, काकूही त्यांच्याकडेच बोट दाखवतायत."

मी दोन्ही हात जोरजोरात हलवले. नाही, नाही.

"काकू म्हणतायत, हे चालणार नाही."

मग मी वाकून कागदात उचलण्याची नक्कल केली आणि डब्याकडे हात केला. डबा फाटकापाशी. लोकांना दुसरं काय वाटणार?

"उचला आणि बाहेर काढा म्हणतायत काकू."

शेवटी मी कळवळून हात जोडले. तेवढ्यात कुणीतरी फोटोही काढला.

तोंड उघडायचं, एवढंच तर होतं. शब्द ओठांपर्यंत आला होता. पण मधुराला नववा लागलेला. मागच्या वेळचा तिचा पांढराफटक चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी ओठ मिटले.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमी पन?"

राणीला उचलून त्यांनी छातीशी घेतलं आणि फाटकाबाहेर गेले.

दिवेलागण झाली आणि मी ह्यांच्यापुढे भडाभडा बोलले. हे म्हणाले, "लग्न झाल्यापासून सांगतोय, जरा गप्प बसत जा. ऐकलंस तेही आजच?" पण त्यांनाही हसू आलं नाही. तशीच भाऊंकडे धावले, तर दाराला कुलूप. दुसऱ्या दिवशीही कुलूप. बागेच्या फाटकावर पाटी लागली, 'कुत्र्यांना प्रवेश बंद'. आणि ग्रुपवर माझा हात जोडलेला फोटो, खाली लिहिलेलं, 'जागरूक नागरिक'.

शिल्पाताईला गाठून खरं काय ते सांगितलं. पोर मनाने भली. तोंड एवढंसं झालं तिचं. खेटे घालून तिनेच पाटी बदलून घेतली, 'कुत्र्याची घाण मालकाने उचलावी'. त्याच आठवड्यात मधुराला मुलगी झाली. दोघी सुखरूप. मला वाटलं, देवाने सगळंच मार्गी लावलं.

पेढे घेऊन भाऊंकडे गेले. दार उघडं होतं. राणीची साखळी खुंटीला टांगलेली.

"राणी कुठाय, भाऊ? पाटी बदलली. आता आणा तिला बागेत."

"गव्हाणला भाच्याकडं ठेवली होती. इथं रस्त्यावर गाड्यांच्या हॉर्नला भ्यायची, बसायचीच नाय. पोट धरून राहायची. तिकडं मोकळं आवार हाय, म्हटलं बरं पडंल. पन तिला जागा नवी. खाल्लं नाय तिनं. गेली."

मी सगळं सांगितलं. मौन, तो पिवळा कुत्रा, मधुरा. ते ऐकत राहिले.

"पोर बरी हाय ना तुमची? मग झालं."

त्यांनी पेढा घेतला, सवयीने अर्धा मोडला आणि हात खाली नेला. तो तसाच राहिला बराच वेळ.

घरी आले. व्रत फळलं होतं, म्हणून निरांजन लावून दत्ताच्या तसबिरीपुढे उभी राहिले. काय काय बोलायचं ते मनात जमवून ठेवलं होतं. पण नजर देवाच्या पायाशी गेली. तिथे चार कुत्री बसलेली. लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे त्यांना. त्या दिवशी चारही माझ्याकडे बघत होती.

आता बोलायला कसलीच आडकाठी नव्हती. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

मागून हे म्हणाले, "काय गं, गप्प का? आज कुठे गुरुवार आहे?"