अस्वलाचा एक कान

बायको गेल्यापासून सदऱ्याची गुंडी लावायला कुणी न्हाई, म्हणून मी टेंभुर्णीला एका शिवणवाल्या बाईकडं गेल्तो. तिचं नाव मी विचारलं न्हाई. ती कापडाची अस्वलं शिवायची आणि मंग मुद्दाम जुनी करायची. शहरातल्या लोकांना लेकरानं वापरल्यासारखी अस्वलं लागतात म्हणे. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या एका अस्वलाच्या मानेतला कापूस तिनं काढला, मान पाडली, आणि त्याला पोटाशी धरून बघितलं.

"चांगल्या वस्तूची वाट लावून राह्यलीस की," मी म्हणलं.

"रिकामे बसलाच हाय तर घासा, बाबा." तिनं दुसरं अस्वल आणि ब्रश माझ्या हातात दिला.

मी पाठ, पोट, पाय, सगळं बराबर घासलं. तिनं कपाळाला हात लावला.

"बाबा, पातेलं घासलं का काय? लेकरू एकच कान धरून झोपतं. सगळीकडून झिजलं तर नुसतं जुनं दिसतं. एकाच जागी झिजलं, तर कुणाचं तरी दिसतं."

गुंडी लावून घेऊन घरी आलो. बायकोच्या वर्षश्राद्धासाठी पोरगा घराला चुना देऊन राह्यला होता. चुलीजवळ ती भिंतीला डोकं टेकून बसायची, तिथं तिच्या केसांच्या तेलाचा डाग आहे. पोराचा हात तिथंच आल्ता.

"थांब. तेवढं सोड."

"घाण दिसंल ना, आबा."

"दिसू दे. घर तुझ्या आईचं दिसंल."