चार ढिगांचा मुकादम

माझा मामा बांधकामावर मुकादम. कामगार तोंडावर 'मुकादम' म्हणत, पाठीमागे 'ढीगमामा'. पाडकामातून निघालेल्या फुटक्या विटा-काँक्रीट तो एकीकडे लावी, फरशांचे तुकडे दुसरीकडे, लाकूड तिसरीकडे आणि छताचा जिप्सम सगळ्यांपासून लांब, ताडपत्रीखाली. कुणी 'राडारोडा' म्हटलं की त्याचं डोकं फिरे. "राडारोडा तुझ्या घरी! हा माल आहे. दळून याचे पेव्हर ब्लॉक होतात."

हे त्याला साहेबानं सांगितलेलं. साहेब म्हणजे साइटचा इंजिनिअर. तो नवखा असताना मामानंच त्याला ओळंबा धरायला शिकवलं होतं, त्यामुळे त्याचा शब्द मामाला घरच्यासारखा.

एका बाईनं जिप्समची पाटी विटांच्या ढिगात ओतली, तीही दुसऱ्यांदा. मामानं तिला कामावरून काढलं. "एका पाटीनं अख्खा ढीग नासतो." मामी मात्र ताट वाढता वाढता म्हणाली, "फुटक्या विटांसाठी बाईच्या पोटावर पाय दिलात!" त्या रात्री तो नीट जेवला नाही.

पुढच्या सुट्टीला, विसरलेला चष्मा आणायला तो साइटवर गेला, तर जेसीबी चारही ढीग एकाच डंपरमध्ये भरत होता.

"अरे थांब! मिसळतंय सगळं!"

डंपरवाला हसला. "मुकादम, दर सुट्टीला मिसळतंच की. जुन्या खाणीत नेऊन ओततो. तुमचे ढीग फोटोपुरते."

मामानं साहेबाला फोन लावला. "मनाला लावून घेऊ नका हो," साहेब म्हणाला. "पालिकेच्या तपासणीला दाखवावे लागतात. तुमच्याइतके सुबक ढीग कोण लावतं?"

ते कौतुकच मामाला जास्त लागलं.

तसाच तो त्या बाईच्या दारात गेला. ती भांडी घासत होती. त्यानं सगळं सांगितलं. "चुकलं माझं. उद्यापासून ये."

तिनं 'बसा'सुद्धा म्हटलं नाही. "कुठल्या ढिगावर येऊ, मुकादम?"

ती कामावर आलीच नाही. आठ दिवसांनी तपासणीची गाडी आली, तेव्हा फाटकासमोर छातीएवढा एकच ढीग होता. विटांवर फरशा, फरशांवर लाकूड, वरून पांढरा जिप्सम.

साहेब धावत आला. "ऐन वेळी दगा दिलात मला?"

"खाणीत जातं तेच दाखवलं," मामा म्हणाला आणि साइटचे बूट तिथंच काढून, चपला घालून, काम सोडून घरी आला.

मामी म्हणाली, "त्या बाईला जाऊन सांगा तरी."

"काय सांगू?" मामा म्हणाला. "तिचं काम गेलं ते गेलंच."