गुमीत रात्री लूम चालतात का?

‘...डोंगराच्या पायथ्याशी, नदीकाठी वसलेलं शहर,’ मी मोबाइलवरून वाचत होतो. ‘आधी कापडाचे कारखाने, मग इलेक्ट्रॉनिक्सचे. सोलपेक्षा खूप लहान.’

शेजारच्या काजलला दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात शिकायला शिष्यवृत्ती मिळाली आहे. कॉलेजला उद्या उत्तर द्यायचं आहे, आणि तिची आई, सुरेखावहिनी, अजून हो म्हणालेली नाही. म्हणून आज संध्याकाळी काजलने मला शहराची माहिती वाचून दाखवायला बोलावलं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग अहिराणीत विचारलं, ‘भाऊ, तठे रातले लूम चालतस का?’

‘तसं काही लिहिलेलं नाही.’

‘मंग हाई पोर कशी झोपी?’

काजल हसली. ‘आई, मी तिथं झोपायला चाललेय का?’

वहिनी हसल्या नाहीत. इथे सुरतेत, लिंबायतला, आमच्या भिंतीपलीकडेच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आहे. वीज जाऊन लूम थांबले की लहानगी काजल रडत उठायची.

शेवटी वहिनींनी अट घातली. आजची रात्र भेस्तानला मावशीकडे काढायची. तिथे लूमचा आवाज येत नाही. झोप लागली, तर जायचं.

मी वाचलेल्या माहितीत नदी होती, डोंगर होता, कारखाने होते. रात्र नव्हती. परक्या गावाबद्दल तुमच्या घरी पहिला प्रश्न कोणता विचारतात?

सकाळची भर: मावशीचा फोन आला. काजल हाका मारूनही उठत नव्हती. ‘झोपू दे तिले,’ वहिनी म्हणाल्या. उठल्यावर काजलने कॉलेजला होकार कळवला.