आबांनी विचारून ठेवलेलं जैसलमेर

ऑर्डर आली तेव्हा मी पाचवीच्या वर्गात भागाकार शिकवत होते. पर्समध्ये मोबाइल दोनदा थरथरला. वर्गात फोन बघायचा नाही हा माझाच नियम, पण त्या दिवशी का कोण जाणे, बघितला. केंद्र सरकारच्या एका शाळेत प्राथमिक शिक्षिका म्हणून कायम नेमणूक. ठिकाण, जैसलमेर. पंधरा दिवसांत होकार कळवायचा होता.

मी फोन परत पर्समध्ये टाकला, फळ्याकडे वळले आणि बाकी काढताना चुकले. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, गलत हो गया."

अकरा वर्षं मी बुऱ्हाणपुरात सरकारी शाळेत अतिथी शिक्षिका होते. कंत्राटावरच्या मास्तरणीला मध्य प्रदेशात असं गोड नाव आहे. दर वर्षी शाळा उघडायच्या सुमाराला, यंदा आपल्याला परत बोलावतात की नाही याची वाट बघायची. केंद्राची ती परीक्षा मी वयाच्या अगदी शेवटच्या संधीला दिली, तीही नवऱ्यानं फॉर्म भरून हातात दिला म्हणून. निवड होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. मला तर नाहीच.

घरात आम्ही तिघं. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे येतात, तो आतली तार काढून नवी भरतो. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. सासरे, म्हणजे आबा, जवळच्या निंबोल्याला वावरातच दोन खोल्या बांधून एकटे राहतात. सासूबाईंना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्यानंतर आम्ही कितीदा म्हटलं, शहरात या. पण केळीचं वावर आणि एक म्हैस सोडून ते दोन दिवसांच्या वर कधी राहिले नाहीत.

तो आठवडा आम्ही दोघं एकच विषय चघळत होतो. सकाळी डबे भरताना, स्कूटरवर, भाजी निवडताना. नवरा म्हणायचा, "पक्की नोकरी आहे. असा चान्स परत येणार नाही." पाच मिनिटांनी तोच म्हणायचा, "पण माझं काय? इथं मला निंबोल्यापासून जसोंडीपर्यंत लोक नावानं ओळखतात. तिथं कोण मोटार आणून देईल?" मग मी म्हणायचे, "जाऊ द्या, नको जायला." त्यावर तो चिडायचा. "असं कसं नको? अकरा वर्षं कशासाठी काढली?"

मोबाइलवर त्यानं जैसलमेर बघितलं. पिवळा दगड, पिवळी वाळू, उंटावर बसलेले पाहुणे. उन्हाळ्याचे आकडे बघून म्हणाला, "आपल्याकडे काय कमी तापतं? मे महिन्यात केळीची पानं करपतात." मला उन्हाची भीती नव्हती. आबांची होती. पंचाहत्तरी जवळ आलेला माणूस. रात्री-अपरात्री काही झालं तर आज अर्ध्या तासात पोचता येतं. तिथून दोन गाड्या बदलून यायचं म्हणजे दीड दिवस. हे आम्ही दोघांनीही मोठ्यानं बोललं नाही. बोललं की निकालच लागला असता.

मला माझी आई सारखी आठवत होती. माझे वडील जळगावकडचे. कागदाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ते नेपानगरला आले आणि आई त्यांच्यामागून आली. तिला हिंदीचं अक्षर येत नव्हतं. कारखान्याच्या वासानं पहिले काही महिने जेवण जात नसे, असं ती सांगायची. "एक दिवस माहेराहून तुझा मामा आला आणि नाकाला रुमाल लावून बसला. मी विचारलं, काय झालं? तेव्हा कळलं की मला तो वास यायचा बंद झालाय." आई हसून सांगायची, पण मला त्यात नेहमी थोडं रडू ऐकू यायचं. आता ती असती तर मी तिला विचारलं असतं, किती महिने लागले गं?

आबांना एवढ्यात सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. त्या रविवारी ते केळीची फणी घेऊन आले आणि मुलीनं दारातच सांगून टाकलं, "आबा, मम्मीची जॉब डेझर्टमध्ये लागली आहे! तिकडे कॅमल असतात!"

आबांनी चप्पल काढली, पाणी प्यायलं. नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्यासमोर नेहमी करते तसा मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कुठी?" त्यांनी विचारलं.

"जैसलमेर," नवरा म्हणाला. "राजस्थानात. अजून काही ठरलं नाही, आबा. विचार चालू आहे."

"हं," आबा म्हणाले. ते जेवले, नातीशी पत्ते खेळले आणि चारच्या टेम्पोनं परत गेले. त्या विषयावर एक शब्द नाही. ते गेल्यावर नवरा म्हणाला, "झालं. बसला धक्का." मला रडू आलं. मनातल्या मनात मी नकाराची चिठ्ठी लिहूनही टाकली.

चौथ्या दिवशी आबांचा मला फोन आला. मला, नवऱ्याला नाही. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण आबा माझ्याशी फोनवर कधी बोलले नव्हते. "पोरी, उद्या शाळा सुटल्यावर वावरात ये. एकटी ये."

आता आपल्याला समजावणार, अशी माझी खात्री झाली. म्हातारपणी लेकाला तोडू नको म्हणणार, आणि त्यांचं खोटं तरी काय होतं? वाटेत मी उत्तरंही ठरवली. नाही जात आबा, तुम्ही काळजी करू नका.

आबा बांधावर उभे होते. मला बघून वळले आणि चालायला लागले. मी मागे. केळी काढून रिकाम्या झालेल्या पलीकडच्या वावरात मेंढरांचा कळप होता. दर हिवाळ्यात मारवाडातले मेंढपाळ आमच्या भागात उतरतात. शेतकरी त्यांना रिकाम्या वावरात मेंढरं बसवायला सांगतात. जमिनीला लेंडीखत मिळतं, त्यांना धान्य आणि चारा. एक कुटुंब कितीतरी वर्षं आबांच्याच वावरात येत होतं. मी त्यांना लांबून बघितलं होतं, जवळ कधी गेले नव्हते.

तीन दगडांच्या चुलीपाशी एक बाई बसली होती. माझ्याहून थोडी मोठी असेल. हातभर पांढरे चुडे, डोक्यावर लाल ओढणी. आबा तिला म्हणाले, "ये मेरी बहू. इसको बताओ, जो मेरेको बताया." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिचं माहेर पोकरणकडे आहे. जैसलमेरच्या अलीकडे. तुले काय विचारायचं ते विचार. मी चार दिवस ह्याईले विचारून राह्यलो."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आबा एकेक सांगायला लागले, पाठ केल्यासारखं. पाणी कालव्याचं येतं, शहरात नळ आहेत, पण रोज येत नाही, टाकी मोठी घ्यावी लागेल. विंचू असतात, बूट झटकून घालायचे. लोक बोलायला गोड आहेत. एकटी बाई बाजारात गेली तर कोणी वाकडं बोलत नाही. दूधदुभतं चांगलं. भाजी बाहेरून येते. केळी मिळतात. "पण मसाल्यानं, पावडर टाकून पिकवलेली," आबा म्हणाले, "तिले चव नाई. ते मी पाठवत जाईन."

मेंढपाळ बाई हसत होती. तिनं मला बसायला पोतं दिलं आणि कपात दाट चहा. आमचं बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं तिच्या मारवाडीत झालं. ती म्हणाली, वैशाखात वादळ येतं तेव्हा दारंखिडक्या लावून बसायचं. तरी वाळू येतेच. पिठात येते, दातांत येते. पण वादळानंतर संध्याकाळ अशी पडते की अंगणात खाट टाकून नुसतं पडून राहावं.

"आपको अच्छा लगता है वहाँ?" मी विचारलं.

ती म्हणाली, वर्षातले आठ महिने ती पायी फिरते. तिची दोन पोरं अशीच वाटेत, दुसऱ्यांच्या वावरात झाली. दर वर्षी गावी परत पोचली की घरात जायच्या आधी ती घराबाहेरच्या वाळूवर आडवी होते. नवरा हसतो, हसू दे. मग तिनं विचारलं, "तू कशानं जाणार?"

"गाडीनं. ट्रेनमध्ये बसून."

"चालत तर जायचं नाही ना?" ती म्हणाली. "मग रडतेस कशाला?"

मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

परत येताना आबा पुढे, मी मागे. बांध अरुंद होता, त्यामुळे त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. कदाचित म्हणूनच ते बोलू शकले.

"तुह्या सासूले नर्सच्या ट्रेनिंगला नंबर लागला होता," ते म्हणाले. "लग्नाले दोन वर्षं झाली होती. खंडव्याले जायचं होतं, दीड वर्ष. तिनं पेटी भरली होती."

मला हे माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं, हे नंतर कळलं.

"तुम्ही नाही म्हणालात?"

"नाई." आबा थांबले, पण वळले नाहीत. "मी नाई म्हटलंच नाई. हो बी नाई म्हटलं. ती माह्याकडे पाहत राह्यली, मी वावराकडे पाहत राह्यलो. जायचा दिवस निघून गेला. मंग तिनं पेटीतले लुगडे काढून पुन्हा दांडीवर टाकले." थोडं चालल्यावर म्हणाले, "उभ्या जन्मात तिनं बोलून नाई दाखवलं. गावात कोणाले ताप आला, कोणाची पोरगी बाळंत झाली, तिले बोलवायचे. ती जायची. मी दारात बसून पाहत राहायचो."

सासूबाईंनी माझ्या बाळंतपणात रात्ररात्र जागून काढली होती. त्यांचा हात नाडीवर कसा बरोबर पडायचा, ते मला तिथं बांधावर आठवलं.

"आबा, तुम्ही आमच्याबरोबर चला," मी म्हटलं.

"मी काय करू तिथी? वाळूत केळी लावू?" ते म्हणाले. "सोडाले येईन. एकदा पाहून घेईन. बाकी तू हो म्हणून टाक. माह्यासारखं ताटकळत ठेवू नको कोणाले."

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. आपल्या आईची ती गोष्ट ऐकून तो उठला आणि गॅलरीत जाऊन बराच वेळ उभा राहिला. आत आला तेव्हा त्यानं लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "बोल, होकाराचा मेल कसा लिहायचा?"

एप्रिलमध्ये आम्ही गेलो. चौघंही. आबा पहिल्यांदाच इतक्या लांब आले. खिडकीजवळ बसून त्यांनी पूर्ण रस्ता डोळे भरून बघितला. झाडं कमी होत गेली तसतसे ते जास्त जास्त खूश दिसायला लागले. "किती मोकळं आहे," एवढंच अधूनमधून म्हणायचे. आठ दिवस राहिले. भाड्याच्या घराच्या गच्चीवरची टाकी स्वतः धुतली, दोन शेजाऱ्यांच्या ओळखी काढल्या आणि नातीला बूट झटकायची सवय लावून गेले.

सगळं गोड झालं असं नाही. नवरा वर्षभर बुऱ्हाणपूर–जैसलमेर करत राहिला, मग दुकान एका ओळखीच्या माणसाला दिलं. इथं जम बसायला त्याला आणखी दीड वर्ष गेलं. पहिल्या उन्हाळ्यात कोरड्या हवेनं मुलीच्या नाकातून रक्त यायचं, आणि ते बघून मी शाळेच्या बाथरूममध्ये जाऊन रडायचे. आता ती इतकी हिंदी-मारवाडी मिसळून बोलते की आबांना फोनवर अर्धं कळत नाही. पण शाळेत माझं नाव हजेरीपटाच्या पहिल्या पानावर छापलेलं आहे. शाळा उघडायच्या दिवशी मी नुसती शाळेत जाते. कुणी बोलावतं का याची वाट बघत नाही.

आणि ज्याची भीती होती, ते झालंच. मागच्या श्रावणात आबा वावरात चक्कर येऊन पडले. शेजाऱ्यांनी बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात नेलं. आम्हाला पोचायला दीड दिवस लागला. तसा दीड दिवस कुणाच्या नशिबी येऊ नये. प्रत्येक स्टेशनवर मला वाटत होतं की तराजूच्या पारड्यात आपण चुकीचं काही टाकून बसलो.

पोचलो तेव्हा आबा शुद्धीवर होते. सलाइन लागलेलं, हात सुकलेला. धोका टळला होता. नवरा डॉक्टरांकडे गेला आणि मी खाटेजवळ बसले.

"आबा," मी म्हटलं, "आम्ही जायला नको होतं ना?"

त्यांनी डोळे उघडले. "शाळा किती दिवस बुडवली?"

"आजचा तिसरा."

"मंग उद्याची गाडी पकड," ते म्हणाले. "पोरं वाट पाहत असतील."

त्यांचं मी आजवर सगळं ऐकत आले होते. त्या दिवशी मात्र ऐकलं नाही. मी रजा वाढवली, अकरा दिवस तिथंच राहिले, आणि डोक्यावरचा पदर घसरला तरी तो सारखा करायची आठवण मला एकदाही झाली नाही.