तिंगाल की तांगाल

सल्बिया दुपारी बारापासून मलय वारसा संग्रहालयात ठाण मांडून बसली होती. बावन्न वर्षांची ही जोहोरची बाई वीस वर्षं सिंगापूरच्या वृद्धाश्रमात परक्यांच्या आईबापांचं हगणंमुतणं काढतेय. आणि हिची जन्मदाती समुद्रापलीकडे इंडोनेशियातल्या रिआऊत शेवटच्या घटका मोजतेय, तर ही इथे काचेतल्या जरीच्या सारोंगांसमोर! पण तिचंही चुकत नव्हतं. हातातली चिठ्ठी वाचून घेतल्याशिवाय तिचा पाय उचलतच नव्हता.

चिठ्ठी जावीत होती, म्हणजे अरबी अक्षरांतल्या मलयमध्ये, आणि अक्षर जुन्या वळणाचं. चार वर्षांच्या सल्बियाबरोबर ती एमाकच्या दारात आली होती. एमाक म्हणजे तिला सांभाळणारी आई. तिने ती शंभरदा वाचून दाखवली होती, "अंबिल आनाक तिंगाल. घ्या ही टाकलेली पोर." वर फुशारकीने सांगायची, "ईद झाल्यावर परत आली होती ना ती भवानी! दारातूनच हाकलली. तूसुद्धा माझ्या सारोंगला अशी बिलगलीस की तिच्याकडे बघितलंही नाहीस. शहाणी माझी पोर ती!"

त्या शहाणपणावर सल्बियाने जन्म काढला. रिआऊतला सावत्र भाऊ हसबुल्ला फोन करायचा. तीनदा तिने फोन आपटला. "टाकलेल्या पोरीला कसली आलीय आई?" काल मात्र तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "काकाक, थोरली बहीण ना तू माझी? आई एकच धोशा लावून बसलीय, ‘मी गेले होते, चिठ्ठीत लिहिलं होतं.’ अगं, एकदा वाच तरी!"

संग्रहालयात जुनी जावी वाचणारे पाक मुनिर, म्हणजे मुनिरकाका, शनिवारी असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज उरकून यायचे. रिआऊची शेवटची बोट पाचला. सल्बियाची नजर घड्याळावर होती, पाच वाजलेले तिला दिसले, तरी ती उठली नाही. पाक मुनिर आले साडेपाचला.

त्यांनी चिठ्ठी चष्म्यापाशी नेली. "तिंगाल कोणी वाचलं?"

"एमाकने."

"जोहोरची असेल."

"हो, का?"

"अगं, आपण तारखेला हारीबुलान म्हणतो. रिआऊची माणसं म्हणतात तांगाल. जुन्या जावीत स्वर लिहितंय कोण? अक्षरं तीच. तिंगाल वाच, नाहीतर तांगाल वाच." बोट पुढे सरकलं. "पण इथे पुढे दहा शव्वाल आहे, ईदच्या महिन्याची दहावी. ‘पोरीला तारीख दहा शव्वालला न्यायला येते.’ अंबिल म्हणजे घेणं, तसं नेणंही. टाकलेली कुठे? काम लागेपर्यंत ठेवलीय तुला."

"एमाक म्हणायची, तो चिठ्ठी लिहिल्याचा दिवस."

"चिठ्ठी रजबमधली आहे पोरी, शव्वालच्या तीन महिने आधीची. वर लिहिलंय की."

"म्हणजे एमाकला माहीत होतं? की चुकून वाचलं तिने?"

"ते मी कसं सांगू?"

सल्बियाने तोंडावर हात दाबला. ईद झाल्यावर आलेली बाई. ठरल्या दिवशी आलेली. आणि आपण पाठ फिरवली, ती अठ्ठेचाळीस वर्षं! एमाकचा राग करावा तर ती कबरीत, आणि तिच्याच हातचं खाऊन वाढलेली ही काया. सल्बिया हमसून हमसून रडली. पाक मुनिर पाणी आणायला गेले.

मग तिने फोन लावला.

"वाचली," ती म्हणाली. "बुल, वाचली रे मी."

"तिच्या कानाला लावतो. बोल. ऐकू येतं तिला अजून."

पलीकडे नुसता घरघरता श्वास. काय म्हणून हाक मारावी तेच सल्बियाला सुचेना. एमाक हा शब्द तर दुसरीला देऊन झाला होता. "मी सल्बिया," ती कशीबशी म्हणाली. "मी येते."

पलीकडे काहीतरी पुटपुटल्यासारखं झालं. हसबुल्ला फोनवर आला. "तांगाल विचारतेय. कुठल्या तारखेला?"

उद्या सकाळी आठच्या आधी बोट नव्हती.

"ती... रात्र काढेल ना बुल?"

"तू तारीख सांग काकाक," तो म्हणाला.

"आज," सल्बिया म्हणाली. "आजच येते म्हणून सांग."

त्याने सांगितलेलं तिला ऐकू आलं. मग तो परत फोनवर आला, आवाज हलका झालेला.

"काकाक, ती म्हणतेय केस विंचरून दे. आणि मला दारात जाऊन उभं राहा म्हणतेय."