मायच्या तोंडात माही बोटं

"आ कर," सर माह्या मायले म्हणाले. बाजारात बैलाचे दात पाहाले म्हणतात तसं.

शाळेत तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम होता, राळेगावजवळच्या आमच्या गावात. मी आठवीत. मायले वावरातून बोलावून आणलं होतं. कमरेले कापूस वेचाची झोळी तशीच बांधलेली. तिले वाटलं, पोरीले बक्षीस भेटून राह्यलं. पदर सावरत, हसत स्टेजवर चढली बिचारी.

सर माइकवर म्हणाले, "चांगल्या तोंडात तीन बोटं उभी जातात. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याच्या जात नाहीत." मग माह्याकडे वळले. "तू घाल. तुझीच आई आहे, आम्ही कशाला हात लावायचा?"

मी घातली. हो, घातली! एक बोट गेलं, दुसरं दातावर अडकलं. मायच्या डोळ्यात पाणी आलं. पोट्टे खदाखदा हसले. अन् मी सरांकडे पाहलं, शाबासकी भेटते का म्हणून. सांगाची लाज वाटते, पण पाहलं.

पाहुण्याच्या खुर्चीवर मालक बसला होता. माय त्याच्याच वावरात वेचाले जाय. रोज सकाळी धुऱ्यावर उभा राहून तोच बायाइले खर्र्याची एकेक पुडी वाटे. तोंडात खर्रा असला का भूक मरते, बाई भाकरीसाठी उठत नाई, दिवसभर वाकून वेचते. त्या दिवशी तो माइकवर म्हणाला, "या लोकाइले कितीही सांगा, अक्कल येतच नाई." टाळ्या पडल्या.

"फोटो हलला," सर म्हणाले. "पुन्हा घाल."

मायनं कोणी सांगाच्या आधीच आ केला. ते पाहून माह्या आंगाची आग आग झाली. मी हात मागं घेतला अन् तिथंच ओरडली, "खर्रा हाच वाटते! ह्या खुर्चीवरचा! त्याले इचारा!"

सरांनी खाडकन थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवसापासून मायले कोणीच कामाले बोलावलं नाई. चुलीपाशी बसून ती म्हणाली, "कायले बोलली वं? लाज तर गेलीच होती, आता कामही गेलं."

आज मी त्याच गावात मास्तरीण आहे. मायले भाकरी चावता येत नाई, पातळ पेज पिते. तंबाखूमुक्तीचं पत्र दरसाल येते. मी पोराइले अर्ज लिहाले शिकवते, ग्रामसभेत उभं राहून बोलाले शिकवते. खर्रा कोण खाते ते सोडा म्हणते, हातात कोण देते ते सांगा. यंदा पोट्ट्याइनं अर्ज लिहिला, मजुराइले वावरात खर्रा वाटणं बंद करा. वाटणाऱ्याइची नावंही लिहिली. पहिलं नाव त्याच मालकाचं.

हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, नावं काढा. मोठी माणसं आहेत."

सातवीतल्या एका पोरीनं सही कराआधी इचारलं, "म्याडम, माह्या मायचं काम गेलं तं?"

"जाऊ शकते," मी म्हटलं. "माह्या मायचं गेलं होतं." खोटं कायले बोलू? पोरीनं अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग तिनं सही केली.

नावं निघणार नाईत. सोमवारी ग्रामसभा आहे, तीच पोरगी अर्ज वाचणार, मी तिच्या बाजूले उभी राहणार. तिच्या मायले कामावरून काढलं, तर दुसरा अर्ज मी लिहीन, माह्या सहीनं, थेट कलेक्टरले. नोकरी जाते तं जाऊ दे. मेली नोकरी!