कोळंबीवरचा आळ

"डॉक्टरबाई, मी कोळीण. माझ्या पोरीला मासळी सोसत नाय, हे बाजारात कुठल्या तोंडाने सांगू?"

वर्सोव्याच्या हिरामावशी माझ्या टेबलासमोर बसल्या होत्या. शेजारी त्यांची मुलगी दर्शना, ओठांवर रुमाल धरून. माझं स्किन क्लिनिक अंधेरी वेस्टला आहे. मुरमं, केस, खरूज हे रोजचंच, पण असा प्रश्न पहिल्यांदाच आला.

मावशींची बाजारातली बसायची जागा त्यांना सासूकडून मिळालेली. आता गुडघे गेले होते, म्हणून ती दर्शनाकडे जायची होती. पोरीने त्यासाठी साकीनाक्याची ऑफिसातली नोकरी सोडली, फोनवर ऑर्डर घ्यायला लागली, गिऱ्हाईकही जमलं. आणि नेमकं तेव्हाच हाताला आणि ओठांना खाज सुटली. कातडी फाटायला लागली. शेजारपाजारच्यांनी निकाल लावून टाकला, कोळंबीची ॲलर्जी. घरातली कोळंबी बंद झाली, मग सगळीच मासळी बंद झाली. दर्शनाची काकी तर आपली बर्फाची पेटी त्या जागेवर सरकवून मोकळी झाली होती. 'आजारी पोर कशाला दमवता', असं वर म्हणाली.

"मलम लावलं की बरं वाटतं, थांबवलं की परत," दर्शना म्हणाली. "ग्लोव्ह्ज घातले, मासे खायचे सोडले. काही फरक नाही. मला जागा सोडायला लागणार ना, मॅडम?"

तिचे डोळे भरून आले होते. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. मी मूळची मालवणची. मासळीवर कोणी आळ घेतला की मला आधी आळ घेणाऱ्याचाच संशय येतो. हे काही शास्त्र नाही. शास्त्र असं सांगतं की मासळी हाताळणाऱ्यांना तिची ॲलर्जी होऊ शकते, कधी कधी जोरदार होते. त्यामुळे हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं.

मी म्हटलं, "दोन्ही हात दाखव."

डावा हात स्वच्छ. उजव्या हाताचा तळवा स्वच्छ. फक्त अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, तीही टोकाला, लाल आणि चिरलेली.

"मासे कापताना कुठला हात भिजतो गं?"

"दोन्ही."

"मग मासळीने डाव्या हाताला कशी माफी दिली?"

मायलेकी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी पुढे विचारलं, खोटे कानातले घातले की कान पिकतात का? पिकतात म्हणाली. बेंबीखाली, जीन्सचं बटण टेकतं तिथे, काळा डाग आहे का? तिने दचकून पोटावर हात ठेवला. होता.

आता मला अंदाज आला. निकेल नावाचा एक धातू असतो. खोट्या दागिन्यांत, बटणांत, बकलांत, चकाकणाऱ्या स्वस्त वस्तूंत तो सर्रास सापडतो. काही जणांच्या कातडीला तो खपत नाही. एकदा ॲलर्जी जडली की बहुधा जन्मभर राहते. कान आणि बेंबी समजली. पण ओठ आणि तीन बोटं? चिमटीत धरून तोंडाला लावायची अशी धातूची वस्तू कोणती?

दर्शना खाली बघत होती. मी आमच्या सिस्टरला हाक मारली. "मावशींचं बीपी बघा बरं, जरा वर वाटतंय."

"माजं? मला काय धाड भरलीय?" असं म्हणत मावशी बाहेर गेल्या. दार लागलं.

"काय ओढतेस?" मी विचारलं.

तिने पर्समधून एक नळी काढली. व्हेप, म्हणजे बॅटरीवर तापून वाफ सोडणारी सिगरेट. ऑफिसातल्या मैत्रिणींमुळे लागलेली सवय. नळी निळ्या रंगाची, पण जिथे बोटं धरायची आणि जिथे ओठ टेकायचे तिथला रंग उडून आतला पांढरा धातू उघडा पडला होता. मला तर तिथेच टाळी वाजवावीशी वाटली.

"आईला सांगू नका, मॅडम. प्लीज."

"मी नाही सांगणार. पण सिद्ध झाल्याशिवाय मीही काही बोलणार नाही. पुढच्या वेळी ही घेऊन ये. आणि आईला म्हणावं, कोयता आणि ताजी कोळंबी आणा."

त्याच दिवशी पॅच टेस्ट लावली. म्हणजे संशयित पदार्थांचे छोटे ठिपके असलेली पट्टी पाठीवर चिकटवायची. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घामही येऊ द्यायचा नाही. मग पट्टी काढायची आणि आणखी दोनेक दिवसांनी परत बघायचं, कारण ही ॲलर्जी सावकाश उठते. पोर पंख्याखाली बसून राहिली. बाजारात दुखऱ्या गुडघ्यांनी आई बसली.

शेवटच्या तपासणीला मावशींनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता माझ्या टेबलावर ठेवला. डब्यात कोळंबी. वेटिंगमध्ये मुरमांसाठी आलेल्या दोन मुली नाकाला रुमाल लावून बसल्या. मला मात्र भूक लागली.

आधी पाठ बघितली. सगळे ठिपके शांत, एक सोडून. निकेलची जागा लाल, फुगलेली, बारीक फोडांनी भरलेली. मग दर्शनाच्या हातावर कोळंबीचा रस लावून सुईने हलकंसं टोचलं. मासळीची ॲलर्जी असेल तर तिथे डास चावल्यासारखी गांधी उठते. आम्ही तिघी त्या हाताकडे बघत बसलो. काही उठलं नाही.

"कोळंबी सुटली," मी म्हटलं.

मग निकेल ओळखायची सोपी चाचणी. कापसाच्या काडीवर औषधाचे थेंब टाकून धातूवर घासायचं. निकेल सुटत असेल तर कापूस गुलाबी होतो. कोयता घासला. कापूस पांढराच.

मावशींची छाती फुगली. "माजा कोयता साफ हाय! मग डॉक्टरबाई, ह्या पोरीला बाधलं काय?"

मी कापसाची नवी काडी काढली. दर्शनाने एकदा माझ्याकडे बघितलं. मग पर्स उघडली आणि नळी स्वतःच टेबलावर ठेवली. मी कापूस घासला. सोलकढीसारखा गुलाबी झाला.

मावशींनी नळी उलटीसुलटी करून बघितली. "काय गो हे?"

"सिगरेटसारखं असतं, आई. मी ओढते."

मग मावशी म्हणाल्या, "मेल्ये, तू धूर ओढतेस, आनि दोन महिने माज्या घरात कोळंबी शिजली नाय?"

मला हसू आवरेना. मग दर्शनाला, आणि शेवटी मावशींनाही. पण हसता हसता त्यांनी कोयत्याकडे हात नेला, तेव्हा मी नळी पटकन उचलली. आत बॅटरी असते, ती फुटली की पेटते.

दर्शनाने जाता जाता एक पळवाट शोधली. "प्लास्टिकच्या तोंडाची घेतली तर?"

"बाहेर प्लास्टिक, आत तापणारी तार धातूचीच. बऱ्याच तारांत निकेल असतं, आणि धातूचे कण वाफेतून छातीत जाऊ शकतात. ओठ तुला आरशात दिसतो, छाती दिसत नाही. शिवाय आपल्याकडे व्हेप विकायलाच बंदी आहे. चोरून येणाऱ्या मालात काय भरलंय हे कोण सांगणार? तुझ्यासाठी चांगली व्हेप म्हणजे न घेतलेली व्हेप."

व्यसन सोडवणाऱ्या माझ्या मित्राकडे तिला पाठवलं. जीन्सच्या बटणाला आतून कापड शिवायला सांगितलं, खोटे कानातले बंद. व्हेप काही एका झटक्यात सुटली नाही. मध्ये एकदा मैत्रिणीची ओढली, पुन्हा ओठ उठला, आणि तिनेच फोन करून सांगितलं. त्यानंतर सुटली.

माझ्या धंद्यात एवढं शिकले, की ॲलर्जी म्हटलं की लोक आधी ताट तपासतात. खिसा तपासायला सांगितलं की बीपी वाढतं.

परवा बाजारात गेले. काकीची बर्फाची पेटी तिच्या स्वतःच्या जागेवर गेली होती. मावशींच्या जागी दर्शना बसली होती, उघड्या हातांनी कोळंबी सोलत, कान आणि खांद्याच्या मध्ये फोन धरून. मावशी मागे स्टुलावर, गुडघे पसरून, गिऱ्हाइकांवर हुकूम सोडत होत्या. मी वाकून बघायला लागले.

"डॉक्टरबाई," मावशी ओरडल्या, "म्हावरं बगा, पोरीची बोटं काय बगता!"

बोटं झकास होती. मग म्हावरं बघितलं.